फुकटच्या तळ्यावर तीन दिवस

शुक्रवार, 7 जून 2024

मोटेलच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी गांडुळांचा डबा ठेवला, तिथे खरी आमची सहल सुरू झाली. तशी ती सकाळी शिकागोजवळच्या लेकीच्या घरून निघालो तेव्हाच सुरू झाली होती. पण पाच तास दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मग सोयाबीन आणि मका, यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी सेंट लुईसच्या पलीकडे, सेंट चार्ल्स काउंटीतल्या मोटेलवर पोहोचलो. जावयाने पिशवीतून पांढरा डबा काढला. झाकणाला भोकं, आत काळी ओली माती आणि करंगळीएवढी जाड गांडुळं. इथे त्यांना 'नाइटक्रॉलर' म्हणतात आणि ती गारव्यात ठेवली तरच टिकतात. आमचे हे माळकरी. त्यांनी डबा पाहिला, दही पाहिलं आणि म्हणाले, "मी आज ताकसुद्धा घेणार नाही."

हा सगळा घाट आठ वर्षांच्या नातवासाठी. शाळेत कुणीतरी मासा पकडल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. मासे धरायला इथे परवाना लागतो. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मोठ्या माणसांनाही तो काढावा लागतो. पण मिसुरी राज्यात जूनच्या पहिल्या सोमवारनंतर येणारे शनिवार-रविवार सगळ्यांना मोकळे असतात. त्या दोन दिवशी परवाना नको, कुठले आहात ते कुणी विचारत नाही. यंदा ते 8 आणि 9 जूनला आले. पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांना एरवीही परवाना लागत नाही, त्यामुळे नातवाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते त्याच्या आजीचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

उजेड बराच होता म्हणून सामान टाकून लगेच जागा पाहायला गेलो. ऑगस्ट ए. बुश मेमोरियल कॉन्झर्वेशन एरिया हे तिचं पूर्ण नाव. जवळजवळ सात हजार एकर रान, त्यात तीसच्या आसपास लहानमोठी तळी. तळ्यांना नावांऐवजी बहुतेक नंबरच. ना फाटक, ना तिकीटखिडकी, ना पावती फाडणारा माणूस. गाडी सरळ आत जाते. हे दोनदा मागे वळून पाहत होते, कुठेतरी खिडकी राहून गेली असेल म्हणून. बुश कोण, तर बिअरच्या कारखान्याचे मालक. त्यांच्या पत्नीने नवऱ्याच्या स्मरणार्थ पैसे दिले, त्याच्या मदतीने राज्याने 1947 साली ही जमीन घेतली. "म्हणजे बिअरवाल्याच्या नावाचं रान," हे म्हणाले, आणि गाडीतून उतरले.

उतरलो आणि कान बंद झाल्यासारखे झाले. सिकाडा! आपल्याकडच्या रातकिड्यांशी तुलना नको, ते बिचारे घड्याळाच्या टिकटिकीसारखे. हा आवाज म्हणजे शंभर पिठाच्या गिरण्या एकदम लागल्यात आणि कुणी दाणेच घातले नाहीत. लालभडक डोळे, काळं अंग, पंखांवर नारिंगी शिरा. तेरा वर्षं मातीखाली झाडांच्या मुळांचा रस पिऊन काढायची, मग एका उन्हाळ्यात लाखोंनी वर यायचं, ओरडायचं, अंडी घालायची आणि मरायचं, असा त्यांचा बेत. याआधी 2011 साली आले होते, पुढचे 2037 साली येतील. जोर तसा ओसरत आला होता. झाडांच्या बुंध्यांशी पंखांचा आणि रिकाम्या सालपटांचा खच पडला होता, आणि वास... तो राहू दे. नातवाने लगेच हिशेब केला, "आजी, तेव्हा मी एकवीस वर्षांचा असेन." माझाही झाला होता, सत्त्याहत्तर. मी काही बोलले नाही.

शनिवार, 8 जून

पहाटे साडेपाचला तळ्यावर. कोणत्या नंबरच्या, ते सांगणार नाही. माझा भाऊ कृष्णेतली आपली जागा सख्ख्या काकालाही सांगत नसे, आणि ते त्याचं बरोबरच होतं.

भावाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं माहेर कृष्णाकाठचं. भाऊ गळ टाकायचा आणि मी त्याची हमाल. उकिरड्याच्या कडेची ओली माती उकरून गांडुळं काढायची, ती नारळाच्या करवंटीत ठेवायची आणि त्याच्या मागे मागे चालायचं. जोंधळ्याच्या ताटाचा बोटभर तुकडा दोऱ्याला बांधायचा, तो पाण्यावर तरंगायचा. तुकडा बुडाला की मासा. शिंगाळा लागायचा, कधी मरळ, कधी नुसतीच चिलापी. गळाची काठी मात्र माझ्या हाती एकदाही आली नाही. "पोरींच्या हाताला मासा लागत नाही," हे भावाचं शास्त्र. मग लग्न झालं, सासरी तीन पिढ्यांची माळ, आणि तो विषय चुलीपासूनच संपला. त्यामुळे जावयाने तीन काठ्या बाहेर काढल्या तेव्हा मी इतकंच म्हटलं, "एक इकडे द्या."

लेक बघतच राहिली. हे दुसरीकडे बघू लागले.

काठी म्हणजे फायबरची, त्यावर दोरा गुंडाळलेलं रीळ, आणि ताटाच्या तुकड्याच्या जागी लाल-पांढरा प्लास्टिकचा चेंडू. त्याला 'बॉबर' म्हणतात. रिळाचं बटण दाबून धरायचं, काठी मागे न्यायची, पुढे झटकायची आणि नेमक्या क्षणी बटण सोडायचं. नेमका क्षण म्हणजे कोणता, हे मला सात वेळा टाकूनही कळलं नाही. पहिल्यांदा गळ माझ्या पायाशी पडला, दुसऱ्यांदा मागच्या झाडात. तिसऱ्यांदा पुन्हा त्याच झाडात गेला, तेव्हा जावई न रागावता फांदीवर चढला. पोरगं चांगलं आहे.

पलीकडे एक म्हातारेबुवा घडीच्या खुर्चीत बसले होते. शेजारी बादली, डोक्यावर विटकी टोपी. बराच वेळ त्यांनी आमची फजिती पाहिली, मग उठून आले. मला इंग्रजी कळतं, बोलताना मात्र अडखळते. त्यांच्या बोलण्यातले अर्धे शब्द नाकातच राहत होते. तरी शिकवणी उत्तम झाली, कारण ती बहुतेक हातांनी चालली होती. त्यांनी आमच्या गळाचा काटा पाहिला आणि मान हलवली. हा मोठा झाला, इथल्या मासोळीचं तोंड एवढंसं. त्यांनी आपल्या डबीतला बारीक काटा दिला. अख्खं गांडूळ लावू नका म्हणाले, नखाएवढा तुकडा पुरे. अख्खं लावलं की मासे लोंबणारं टोक कुरतडून नेतात आणि काटा तसाच राहतो. काट्याला उलट दात असतो, तो त्यांनी पकडीने दाबून सपाट केला. सोडून द्यायचे असतील मासे तर असा काटा अलगद निघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांब टाकायची गरजच नाही. त्यांनी काठापासून चार हातांवरच्या उथळ पाण्याकडे बोट दाखवलं.

आधी काही दिसेना. मग डोळे पाण्याला सरावले, तशी तळाशी परातीएवढी पांढरट वर्तुळं दिसली. एकाला एक लागून दहा-बारा, जणू कुणी पंगतीची पानं मांडलीत. ही ब्लूगिल माशांची घरटी. जूनच्या सुमारास पाणी कोमट झालं की नर शेपटीने गाळ झाडून खडे उघडे करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. मग नर एकटाच राखण करतो. शेपटीने अंड्यांना वारा घालत राहतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. "बायको माहेरी आणि हा पाळणा हलवतोय," लेक म्हणाली. जावयाने ऐकलं नाहीसं केलं.

इथे माझं मन जरा अडलं. घरट्यावरचा नर उचलला तर अंडी दुसरे मासे फस्त करणार. मी म्हातारेबुवांना खुणेने विचारलं. ते म्हणाले, लगेच सोडा, तो सरळ परत जातो. तरी मी घरट्यांपासून थोडं बाजूला, बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत गळ टाकला. यात धर्म किती आणि ढोंग किती, ते ठरवत बसले नाही.

बॉबर दोनदा थरथरला. मग तिरका झाला. मग होताच कुठे?

ओढ हाताला कळते तशी डोळ्यांना कळत नाही. वीतभर मासा, पण काठीच्या टोकापासून माझ्या खांद्यापर्यंत सगळं जिवंत झालं. तो सरळ येत नव्हता, आडवा होऊन गोल गोल फिरत होता. अंगाने चपटा असल्यामुळे पाणी अडवून धरतो, म्हणून एवढा जोर. "रीळ, आई, रीळ!" जावई ओरडत होता. मी रीळ विसरून काठी घेऊनच मागे मागे चालत गेले आणि मासा गवतावर ओढला. भावाची पद्धत! छाती केशरी, पाठ हिरवट, अंगावर उभे पट्टे, कल्ल्याच्या टोकाला काळाभोर ठिपका. आधी हात पाण्यात भिजवायचे, मग मासा धरायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्या थरावरच तो रोगराईपासून वाचत असतो. पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून मिटवायचे. गळाचा काटा निघाला. मी पाण्यात हात बुडवून बोटं उघडली. तो क्षणभर तसाच थांबला, मग नव्हता.

भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. नाहीतर तिथूनच फोन केला असता.

नातवाला मग सात मिळाले. मला एकूण तीन. लेकीला एक, आणि त्याला हात लावायला तिने नवऱ्याला बोलावलं. म्हातारेबुवांना दोन कॅटफिश लागले, ते त्यांनी बादलीत ठेवले. रात्रीचं जेवण. चॅनल कॅटफिश हा मिसुरीचा राज्यमासा आहे, आपल्या शिंगाळ्याचा भाऊबंद. तशाच मिशा, तसेच परांचे काटे. चव घ्यायची इंद्रियं त्याच्या मिशांवरच नाही तर सगळ्या अंगावर असतात, म्हणून गढूळ पाण्यातही त्याला खाणं सापडतं. पण लहान तळ्यात त्याची पिलं फारशी जगत नाहीत, बास नावाचे मोठे मासे त्यांना गिळतात. म्हणून सरकारी केंद्रात वाढवलेले कॅटफिश ट्रकने आणून सोडावे लागतात. कोणत्या तळ्यात कोणता मासा किती आणि किती इंचांचा ठेवायचा, याची काठावर पाटी असते. म्हातारेबुवांनी बादलीत टाकण्याआधी दोन्ही मासे मोजून पाहिले. आसपास बघायला कुणी नव्हतं.

पण हे सगळं फुकट कसं, हा प्रश्न यांना कालपासून छळत होता. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे फुकट या शब्दावर विश्वास नाही. आमच्याकडे तलाव ठेक्याने जातो आणि गळ टाकलेला दिसला की ठेकेदाराचा माणूस काठावर हजर होतो. दुपारी झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता जावयाने फोनवर शोधून वाचून दाखवलं. एक, 1950 सालचा कायदा. देशभर मासेमारीच्या काठ्या, रिळं, काटे यांवर दहा टक्के कर बसतो. तो कारखानदाराकडून घेतात आणि ते पैसे राज्यांना माशांच्या कामासाठीच मिळतात. दोन, मिसुरीच्या मतदारांनी 1976 साली स्वतःच मत देऊन आपल्या खरेदीवर टक्क्याचा आठवा हिस्सा कर लावून घेतला, रानं आणि तळी राखण्यासाठी. म्हणजे आठ डॉलरच्या सामानाला एक सेंट.

"काल दुकानात किती झाले?" यांनी विचारलं.

"चाळीसेक डॉलर."

"म्हणजे पाच सेंट दिले आपण," हे म्हणाले आणि पहिल्यांदाच तळ्याकडे नीट वळून बसले.

रविवार, 9 जून

आज मासे लागले नाहीत. वारा सुटला होता, पाण्यावर लाटा, बॉबर उगाचच नाचत होता. सिकाडा उडता उडता पाण्यात पडत आणि खालून गपकन कुणीतरी त्यांना ओढून नेत होतं. ज्यांना वरून फुकटात मेजवानी पडतेय ते आमच्या गांडुळाच्या तुकड्याला कशाला विचारतील? दोन तासांनी नातू कंटाळला. मग गाडीने रानातून फेरी मारायची ठरलं.

वळणावळणावर गवताचे उंचवटे लागले. जवळ गेल्यावर दिसलं की वरून माती-गवत, आत काँक्रीट. नातवाला ते बुटक्यांची घरं वाटली. प्रत्यक्षात ती दारूगोळ्याची कोठारं. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945, इथे सैन्याचा टीएनटी या स्फोटकाचा कारखाना होता. हे माहितीचा कागद वाचत होते. एका जागी थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

कारखान्यासाठी सतरा हजारांहून जास्त एकर घेतली. तीन गावं उठवली. हॉवेल, हॅम्बर्ग, टूनरव्हिल. कागदावर एवढंच होतं. यांनी विचारलं, "मोबदला?" जावयाने पुन्हा फोन काढला. काही जणांना ठरलेले पैसे मिळाले नाहीत, ते कोर्टात गेले.

यांच्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं भूसंपादनाच्या टेबलावर गेली. नोटिसा, पंचनामे, झाडांची मोजणी. आंब्याचं झाड एक, वय अंदाजे वीस. घरी ते कधीच काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले होते, एका म्हाताऱ्याने अंगणातल्या तुळशीवृंदावनाचे किती लावणार असं विचारलं, आणि तक्त्यात रकानाच नव्हता. आता ते कोठाराच्या उतारावर हात ठेवून उभे होते. आम्ही थोडं पुढे गेलो आणि त्यांना तिथे राहू दिलं.

पुढचं ठिकाण जावयाने ठरवलं होतं, पण लेकीने आधी नाक मुरडलं. सहलीला जाऊन किरणोत्सारी कचऱ्याचा ढीग बघायचा? पण अगदी लागूनच आहे, वेल्डन स्प्रिंगला. त्याच कारखान्याच्या जमिनीवर 1957 ते 1966 युरेनियम शुद्ध करत होते. नंतर तो कारखाना पाडला, आणि त्याचा सगळा कचरा, दूषित माती, राडारोडा एका जागी रचून वर चिकणमाती आणि दगडांचे थर घातले. 2001 मध्ये काम पुरं झालं. चाळीस एकरांहून मोठा, सुमारे 75 फूट उंच पांढऱ्या चुनखडीचा ढीग. झाड नाही, गवत नाही, सावलीचा ठिपका नाही. आणि त्यावर चढायला पायऱ्या! लोक मुलाबाळांसह चढतात. जवळच शाळा आहे.

मी चढले. गुडघे बोलत होते, पण चढले. आजूबाजूला सपाट मुलूख, त्यामुळे वरून खूप लांबवर दिसतं. पायथ्याशी मुद्दाम वाढवलेलं गवताळ माळरान आहे, त्याला हॉवेल प्रेअरी म्हणतात. गावाचं नाव गवताला मिळालं. पलीकडच्या रानातल्या काही तळ्यांत पूर्वी कारखान्याच्या बाजूने पाणी वाहून जायचं, म्हणून त्यांच्या पाण्याची तपासणी होत आली आहे. हे कळल्यावर लेकीने कालचं तळं त्यातलं नाही ना, याची नकाशावर तीनदा खात्री केली. नव्हतं.

जाणार असाल तर एक सांगते. पायजम्याची टोकं मोज्यांत खोचा, कितीही गबाळं दिसलं तरी. गवतात गोचीड असतात, ते दिसतात आणि काढता येतात. चिगर मात्र दिसतच नाहीत. ते किड्यांच्या जातीतले नव्हेत, माइट नावाच्या सूक्ष्म जिवाची पिल्लं. मोज्याची किंवा नाडीची जिथे घट्ट कड असते तिथे थांबून चावतात, आणि खाज सुटते दुसऱ्या दिवशी. मी खोचले नव्हते, त्यामुळे हे लिहिताना एक हात खालीच आहे. आणि तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, पॉयझन आयव्ही ती. नातवाला हे शाळेत शिकवलेलं होतं, त्याने मला दोनदा मागे ओढलं.

निघण्याआधी पुन्हा तळ्यावर थांबलो, कारण गांडुळं उरली होती. आठ-नऊ तरी असतील. पाण्यात सोडू म्हटलं तर पाटीवर मनाई, रानात टाकायचीही नाहीत. बाहेरचा जीव इथल्या पाण्यात किंवा मातीत मिसळू नये म्हणून. उरलेलं आमिष कचऱ्याच्या डब्यात टाका, असा नियम.

"जिवंत?" हे म्हणाले. "कचऱ्यात?"

कुणी काही बोललं नाही. म्हातारेबुवा कालच्याच जागी होते, खुर्ची, बादली, टोपी. वाऱ्यात त्यांनाही काही लागलेलं दिसत नव्हतं. यांनी जावयाच्या हातातून डबा घेतला. सरळ. दोन बोटांनी लांब धरून वगैरे नाही, चांगला तळव्यावर तोलून. काठाकाठाने चालत गेले आणि डबा त्यांच्यापुढे धरला. म्हातारेबुवांनी झाकण उघडलं, आत बोट घालून पाहिलं, मान हलवली, टोपीला हात लावला. यांनी नमस्कार केला. मग दोघंही थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. काय बोलले माहीत नाही. यांचं इंग्रजी माझ्याहून बरं आहे.

परत येऊन त्यांनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. मग पुन्हा धुतले. गाडी हमरस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना मका सुरू झाला, तेव्हा मागून विचारलं, "दही उरलंय का?"